रडर थरथरतोय तो पल्सइनमुळे

रिमोटवर चालणाऱ्या तुमच्या बोटीतला आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) रिसीव्हरचे, म्हणजे रिमोटचे संकेत पकडणाऱ्या भागाचे, दोन चॅनल वाचतो. एकावर दिवे आणि भोंगा चालतो, दुसरा सर्व्हो (सुकाणू वळवणारी छोटी मोटर) चालवणाऱ्या लायब्ररीतून रडरकडे, म्हणजे सुकाणूकडे, जातो, आणि रडर मधूनच थरथरतो. तुम्ही पाठवलेला कोड पाहिला. नॅनो बदलायची गरज नाही, गोम पल्सइनमध्ये, म्हणजे पल्सची लांबी मोजणाऱ्या आर्डुइनोच्या फंक्शनमध्ये, आहे.

रिसीव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा पल्स (विजेचा छोटा ठोका) देतो, स्टिक मध्यावर असताना १५००. पल्सइन तो येईपर्यंत नुसता ताटकळत बसतो आणि लांबी मोजतो ती लूपचे फेरे मोजून. मध्येच सर्व्हो लायब्ररीचा इंटरप्ट (चालू काम अडवून होणारं तातडीचं काम) घुसला की तेवढे फेरे बुडतात, आकडा काही मायक्रोसेकंदांनी कमी भरतो. तीच तुमची थरथर.

याहून वाईट म्हणजे, पल्स यायचेच थांबले तर पल्सइन एक सेकंद थांबून शून्य देतो. तुम्ही ते न तपासता राइटमायक्रोसेकंड्सला, म्हणजे सर्व्होला पल्सची लांबी सांगणाऱ्या फंक्शनला, देताय. लायब्ररी त्याचे ५४४ करते, म्हणजे रडर एका टोकाला. तळ्याच्या मध्यावर रेंज गेली तर बोट गोल गोल फिरत बसेल आणि तुम्ही काठावर.

माझं स्पष्ट मत, रडर नॅनोतून काढाच. मिक्सिंग (दोन चॅनल एकत्र करणं) करायचं नसेल तर मध्ये प्रोसेसर घालून फायदा शून्य. नॅनोकडे फक्त दिवे आणि भोंगा ठेवा. तो चॅनल डी२ पिनवर घ्या, चेंज इंटरप्ट (पिनची पातळी बदलली की चालणारा) लावा, पल्सच्या चढत्या आणि उतरत्या कडेला मायक्रोस (मायक्रोसेकंदांत वेळ देणारं फंक्शन) वाचून वजाबाकी करा. व्हेरिएबल व्होलटाइल (दर वेळी मेमरीतून नव्यानं वाचलं जाणारं) हवं, आणि लूपमध्ये त्याची प्रत घेताना इंटरप्ट क्षणभर बंद करा, कारण ८ बिटांचा प्रोसेसर मोठा आकडा एका दमात वाचत नाही. पल्स १६०० च्या वर गेला की चालू, १४०० च्या खाली आला की बंद, मधल्या पट्ट्यात आहे तसंच. १०० मिलिसेकंद नवा पल्स नाही आला तर भोंगा बंद.

भोंग्याला लॉजिक लेव्हल मॉसफेट (नॅनोच्या पिनवरून चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), पिनवरून थेट नको. बीईसीचे (बॅटरीतून स्थिर ५ व्होल्ट देणाऱ्या भागाचे) ५ व्होल्ट नॅनोच्या ५व्ही पिनला द्या, व्हिनला नाही. ग्राउंड सगळ्यांचा एकच.

नुसत्या दिव्यांना एटीटायनी८५ हा छोटा प्रोसेसर सुद्धा पुरतो. फक्त तो कारखान्यातून १ मेगाहर्ट्झवर सेट होऊन येतो आणि आतलं घड्याळ १० टक्क्यांपर्यंत चुकू शकतं. चालू-बंदला चालेल, सर्व्होला नको.

आधी रडरची वायर थेट रिसीव्हरला लावून बघा. तरी थरथरला तर सर्व्हो किंवा बीईसी तपासा, कोड नंतर.