समाजशास्त्र घेतलंस? पहिल्या वर्षाला एवढं पुरे

गाइडवर विसंबू नकोस. व्याख्या पाठ होतात, पण फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ मध्ये आत्महत्येसारखी खासगी गोष्ट देशोदेशींचे दर ताडून समाजाशी कशी जोडली, ते निसटतं.

- समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांची ‘प्रभावी जात’ (गावात जिचं वर्चस्व चालतं ती) ही संकल्पना वाचलीस की आपल्याच गावात जमीन, संख्याबळ आणि ग्रामपंचायत कुणाकडे आहे ते वहीत मांड.
- उत्तरात ‘समाज बिघडलाय’ लिहू नकोस. ते मत झालं. मार्क तिथेच जातात.
- प्रकल्पाची प्रश्नावली आधी चार-पाच जणांना विचारून बघ. ‘जात पाळता का?’ म्हटलं की बहुतेक जण ‘छे!’ म्हणणार. त्यापेक्षा ‘मागच्या महिन्यात घरी जेवायला कोण कोण आलं?’ विचार, मग खरं काय ते कळेल.

फ्रेंच विचारवंत फुको आणि आकडेवारीचं सॉफ्टवेअर तिसऱ्या वर्षी बघू.