संमीलन की संमेलन? आणि सूर्यात फुटणारे अणू

बार्शीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: ‘विखंडन, संमीलन आणि किरणोत्सारी ऱ्हास यांत मुलं गोंधळतात. समीकरण पाहून कोणतं कोणतं हे कसं ओळखायचं? आणि शब्द संमीलन की संमेलन?’

मुलांचं सोडा बाई, मोठ्यांचं काय? सोलापुरात पारा चाळिशीच्या वर गेला की कुणीतरी हमखास ऐकवतो, ‘सूर्यावर अणू फुटताहेत!’ परवा एक वक्ते तर ‘सूर्याच्या पोटातलं अखंड विखंडन’ म्हणाले. अनुप्रास साधला, टाळ्याही पडल्या. अहो, सूर्यात फुटत नाही, जुळतं. हायड्रोजनच्या चार केंद्रकांपासून टप्प्याटप्प्याने हेलियमचं एक तयार होतं आणि ०.७ टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते. फुटतं ते तारापूरच्या अणुभट्टीत. तिथे युरेनियम-२३५ ने न्यूट्रॉन गिळला की बेरियम-क्रिप्टॉनसारखे दोन मोठे तुकडे पडतात, वर दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात.

ओळखायचं तर बाणाच्या दोन्ही बाजू बघा. डावीकडे एकटंच केंद्रक, उजवीकडे अल्फा किंवा बीटा कण: ऱ्हास. दोन हलकी मिळून एक जड: संमीलन. एका जडाचे दोन तोलामोलाचे तुकडे: विखंडन. रदरफर्डने १९१९ साली नायट्रोजनवर अल्फा कण आदळवून प्रोटॉन बाहेर काढला (मागे ऑक्सिजन उरला), ते यांतल्या कशातच बसत नाही. त्याला मूलद्रव्यांतर म्हणा नि पुढे चला.

आता खरी गंमत. संमेलन आलं ‘मिल्’ धातूवरून, भेटणे. संमेलन भरतं, मांडव उठतो, मंडळी आपापल्या गावी जातात. संमीलन मात्र दीर्घ ‘मील्’चं, म्हणजे पापण्या मिटणे. निमीलन, उन्मीलन, अर्धोन्मीलित नेत्र ही सगळी त्याचीच भावंडं. मग डोळे मिटण्याचा अणूशी काय संबंध? पंचांग उघडा. दाते पंचांग आमच्या सोलापूरचंच, घरात असेलच. खग्रास ग्रहणाच्या वेळा अशा असतात: स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष. चंद्रबिंब पृथ्वीच्या सावलीत पुरतं बुडतं तो क्षण संमीलन. ज्याने हा शब्द अणुविज्ञानात आणला त्याच्यासमोर ग्रहणाचं पान उघडं असणार, असा माझा पक्का तर्क आहे. नुसतं ‘मिळणं’ सांगायचं असतं तर दीर्घ मी कशाला घातली असती?

यावर एक विद्वान मला म्हणाले, ‘ज्योतिषाची उसनवारी कशाला?’ विखंडनाचा इंग्रजी ‘फिशन’ हा शब्द तरी कुठला? भौतिकशास्त्रज्ञ ऑटो फ्रिशने १९३९ च्या सुरुवातीला एका जीवशास्त्रज्ञाला विचारून तो पेशीच्या विभाजनावरून उचलला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालून घेतला, आपण आकाशातून घेतला, तर बिघडलं कुठे?

काही कोशकारांना संमीलनाऐवजी हिंदीतलं ‘संलयन’ प्यारं. इंग्रजीत संमीलनाला फ्यूजन म्हणतात; त्याच्या लॅटिन मुळात वितळणं आहे आणि ‘ली’मध्ये विरघळणं, म्हणून म्हणे तेच शास्त्रशुद्ध. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान. तिथे वितळायला घन काय उरलंय? घरातल्या फ्यूजची तार वितळते तिथे खुशाल संलयन म्हणा.

तेव्हा बाई, फळ्यावर मी दीर्घच काढा.