घरी एकवीस हजारच सांग

चि. मुला,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने पेढे वाटले, आणि पेढ्यांबरोबर ‘तीस हजार पगार’ ही बातमीही मोहोळपासून अक्कलकोटपर्यंतच्या पाहुण्यांत पोचली. आकडा खोटा नाही, पण तो हातात पडत नाही. अग्निवीर म्हणजे चार वर्षांसाठी सैन्यात घेतलेला जवान; त्याच्या पहिल्या वर्षाच्या ३०,००० मधले ९,००० दरमहा सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत जातात. खात्यावर येतात २१,०००. दुसऱ्या वर्षी २३,१००, चौथ्या वर्षी २८,०००. घरी आजच खरा आकडा सांगून टाक. बहिणीचं लग्न आणि बोअरचा खर्च तीसच्या हिशोबाने ठरला, तर पहिल्याच महिन्यात फोनवर तू खोटा पडशील.

माझ्यासारखे जुने फौजी सांगतील, “महागाई भत्ता वाढला की पगार आपोआप वाढतो.” ते आमच्या वेळचं. नियमित शिपायाचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं, त्यावर लष्करी सेवा वेतन ५,२०० आणि वर महागाई भत्ता. तुझ्या पॅकेजात हे दोन्ही नाहीत. एकाच बराकीत दोन हिशोब, मला काही हे पटलेलं नाही. पण सही करताना तुला माहीत असलेलं बरं.

रेशन, वर्दी, प्रवास आणि जोखमीचा भत्ता मात्र लागू असेल तसा मिळतो. सियाचीनला जवानांना महिन्याला मोठा जोखीम भत्ता आहे. तो पोस्टिंगबरोबर येतो आणि पोस्टिंगबरोबरच जातो. त्याच्या जोरावर बुलेटचा हप्ता बांधू नकोस. शोरूमवाला सात रस्ता चौकात भेटला की गोड बोलेलच, वर्दीवाल्याला कर्ज लगेच मिळतं.

आता सेवा निधी. चार वर्षांत तुझे ५.०२ लाख कापले जातात, सरकार तेवढेच घालतं, व्याज धरून सुमारे ११.७१ लाख होतात. त्यावर आयकर नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटीही नाही, म्हणजे पुढच्या आयुष्याचं भांडवल एवढंच. जास्तीत जास्त पंचवीस टक्के पोरांना नियमित सेवेत घेतात. तू त्यांत आलास, तर सरकारचा वाटा मिळत नाही, फक्त तुझे कापलेले पैसे व्याजासह परत येतात. हे भरती अकॅडमीत फारसं कुणी सांगत नाही. त्यामुळे ‘चार वर्षांनी अकरा लाख’ म्हणून कुणाला आत्ताच शब्द देऊ नकोस, गुंठेवारीच्या प्लॉटवाल्याला तर अजिबातच नाही.

विमा ४८ लाखांचा आहे, त्यासाठी पगारातून काही कापत नाहीत. पण नॉमिनीचा रकाना घाईत भरू नकोस. आईच्या आधारवर, बँक पासबुकात आणि तुझ्या दाखल्यात नाव वेगवेगळं असेल, तर निघण्याआधी एकसारखं करून घे. आपल्याकडे माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, असं सर्रास असतं. तू ट्रेनिंग सेंटरला गेल्यावर त्यासाठी आईने एकटीने तहसीलच्या चकरा का माराव्यात?

तुझा,
काका