आधी ऐक, मग मोज

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

हाँगकाँगच्या दोन वर्षांच्या कँटोनीज भाषक मुलांचे ‘सी’ (कविता) आणि ‘स्यू’ (पुस्तक) या शब्दांतले स्वर मोजणीच्या आलेखावर एकमेकांत मिसळलेले पाहून, जीभ पुढे ठेवून, ओठांचा चंबू करून उच्चारायचा ‘स्यू’मधला स्वर या मुलांना अजून साधलेला नाही असे लिहू का, असे तू विचारले आहेस. लिहू नकोस. आलेख झाकून ती ध्वनिमुद्रणे तू कितीदा ऐकलीस, ते आधी सांग.

कँटोनीज मुलांना स्वर आणि सूर (शब्दाचा अर्थ बदलणारी आवाजाची उंची) बहुधा व्यंजनांच्या आधी साधतात, हे ठाऊक असल्यामुळेच तुला तो आलेख खटकला, आणि खटकला ते बरेच झाले. एवढ्या लहान मुलाच्या आवाजाची मूळ वारंवारिता (स्वरतंतूंच्या कंपनाचा दर) सहज 300 हर्ट्झच्या वर जाते, तिच्या पटीतल्या वारंवारितांच्या रेषा एकमेकींपासून तितक्याच दूर पडतात, आणि फॉर्मंटचे, म्हणजे मुखपोकळीत घुमून स्वराची ओळख ठरवणाऱ्या वारंवारितेचे, शिखर दोन रेषांमधल्या रिकाम्या जागेत असेल तर प्राट हे ध्वनी मोजण्याचे सॉफ्टवेअर शेजारच्या रेषेकडे झुकलेला आकडा देऊन मोकळे होते. त्यात ‘पुस्तक’ हा शब्द उंच सुरातला, म्हणजे रेषा आणखी विरळ. शिवाय फॉर्मंट शोधण्यासाठी तू ठेवलेली 5500 हर्ट्झची वरची मर्यादा प्रौढ स्त्रीच्या आवाजासाठी असते; लहान मुलासाठी ती 8000 पर्यंत न्यावी लागते.

म्हणून आधी ऐक. मात्र केवळ स्वतःच्या कानावर भिस्त ठेवू नकोस. ‘सम’ आणि ‘साम’ यांतला भेद अंगवळणी असल्याने कँटोनीजमधले ‘हृदय’ आणि ‘तीन’ या अर्थांचे, जवळपास तसेच उच्चारले जाणारे शब्द तुला चटकन वेगळे ऐकू येतील. ‘पुस्तक’मधला स्वर आपल्याकडे नाहीच (‘स्यू’ हे लेखनही तडजोडच), त्यामुळे मराठी कान त्याला इ नाहीतर उ ठरवून टाकतो. आईचे मतही ग्राह्य धरू नकोस, कारण पुस्तक हातात धरलेले मूल काहीही म्हणाले तरी तिला ‘पुस्तक’च ऐकू येणार. सुटे शब्द कापून परक्या कँटोनीज भाषकांना ऐकव आणि ‘पुस्तक’ की ‘कविता’, एवढेच निवडायला सांग.

मोठ्यांना ऐकू न येणारा भेद मूल सातत्याने करत असू शकते आणि तो मोजणीतच सापडतो, हा तुझा पुढचा आक्षेप असेल, आणि तो योग्यच आहे. मी मोजू नको म्हणत नाही, नंतर मोज म्हणतो. या हट्टापायी माझे लेखन वर्षानुवर्षे रखडले, बरोबरीचे पुढे निघून गेले, याची खंत अजूनही आहे. पण जे थोडे छापले, त्यातले काही मागे घ्यावे लागले नाही.

मर्यादा बदलून एकाच सुरातले शब्द पुन्हा मोज, पण श्रोत्यांची उत्तरे आधी पाठव. ती येईपर्यंत तुझे आकडे मी उघडणार नाही.