‘फ्री + कॅश = उपलब्ध मेमरी’ हा बदल मंजूर करू का?

नका करू. तुमच्या सहकाऱ्याने मॉनिटरिंगच्या कोडमध्ये टाकलेली ‘उपलब्ध = फ्री + बफर्स + कॅश्ड’ ही ओळ दिसायला सरळ आहे, पण फसवी. लिनक्सच्या मेमइन्फो या मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमधल्या ‘कॅश्ड’मध्ये टीएमपीएफएस (मेमरीतच ठेवलेल्या फाइल्स) आणि अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती शेअर्ड मेमरीही धरलेली असते, आणि स्वॅप (मेमरीतला मजकूर हलवायची डिस्कवरची जागा) नसेल तर ती रिकामी करताच येत नाही. शिवाय कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, थोडी मेमरी राखूनच ठेवतो. गंगापूर धरणाचा मृत साठा पिण्याच्या पाण्यात मोजावा, तसा हा हिशोब.

अंबडला एका कारखान्याच्या सर्व्हरवर मी हे भोगलंय. पोस्टग्रेस या डेटाबेसचे शेअर्ड बफर्स (हीही शेअर्ड मेमरीच) 8 जीबी, स्वॅप बंद. डॅशबोर्ड 9 जीबी मोकळी दाखवतोय, आणि तिकडे ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) प्रोसेस उडवलेली! (रात्रपाळीचा सुपरवायझर माझ्यावरच डाफरला.)

कर्नल 3.14 पासून, म्हणजे 2014 पासून, ‘मेमअव्हेलेबल’ ही वेगळी ओळ आहे. तीच वाचायला सांगा. तोही अंदाजच, पण पुष्कळ बरा. आणि हो, युनिट तपासा: मेमइन्फोतला ‘केबी’ 1024 बाइटचा असतो, 1000 चा नाही.