कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये पहिल्यांदा तंबू ठोकणार असाल तर

तंबू कुठलाही चालेल, खरी मेख जागा मिळण्यात आहे. अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स, नॉर्थ पाइन्स ही योसेमिटी दरीतली तंबू ठोकायची ठिकाणं. उन्हाळ्याचं बुकिंग काही महिने आधी, ठरलेल्या दिवशी सकाळी ७ वाजता उघडतं आणि बघता बघता संपतं. लॉगिन करून, तारखा पक्क्या करूनच बसा. घरातली चर्चा आदल्या रात्री उरका.

मग अस्वलं. प्रत्येक जागेवर एक लोखंडी पेटी असते. खाणं तिच्यात जातंच, पण टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीनसुद्धा. लोणच्याची बरणी झाकण घट्ट आहे म्हणून तंबूत ठेवाल, तर अस्वलाच्या नाकापुढे त्या झाकणाचं काही चालत नाही. अंधार पडल्यावर गाडीतही अन्न ठेवायला मनाई आहे, कारण ही काळी अस्वलं गाडीचं दार वाकवून आत शिरतात. लहान मूल असेल तर कार सीटच्या फटीतला बिस्किटांचा चुरा आधी झाडा. थालीपीठं भाजत असतानाही पेटीला कडी हवीच. माणसं जवळ आहेत म्हणून अस्वल थांबत नाही.

दरी साधारण ४,००० फुटांवर आहे. जूनमध्ये दुपारी टी-शर्ट, पहाटे स्वेटर. महागड्या स्लीपिंग बॅगपेक्षा अंगाखालच्या मॅटवर पैसे घाला, थंडी जमिनीतून येते. दरीत लाकडं गोळा करता येत नाहीत, विकत घ्या. आणि रात्री १० नंतर शांतता पाळावी लागते, तेव्हा अंताक्षरी लवकर सुरू करा.