माझ्याच ईमेल पत्त्यावरून मला धमकीचा मेल आलाय. खातं हॅक झालं का?

बहुतेक वेळा नाही, त्यामुळे घाबरू नका. ‘फ्रॉम’मध्ये पाठवणारा हवा तो पत्ता टाकू शकतो, पाकिटामागे कुणाचंही नाव लिहावं तसा. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपीच्या (ईमेल पाठवण्याच्या पद्धतीच्या) नियमांत तो पडताळायची सोयच नव्हती. मेल खरंच त्या पत्त्याकडून आलाय का हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (DMARC) या पद्धती बऱ्याच नंतर आल्या.

जीमेल असेल तर संगणकावर तो मेल उघडून तीन ठिपक्यांतून ‘शो ओरिजिनल’ निवडा. डीमार्कपुढे ‘फेल’ दिसलं, तर पत्ता जवळजवळ नक्कीच बनावट. ‘पास’ दिसलं किंवा ‘सेंट’मध्ये तुम्ही न पाठवलेले मेल सापडले, तर मात्र लगेच पासवर्ड बदला आणि टू-स्टेप पडताळणी सुरू करा. पैसे मागितले असतील तर अजिबात देऊ नका, उत्तरही पाठवू नका.